फोन ग्राहकाचा, कुलूप कंपनीचे

दुकानातून विकत आणलेल्या कपाटाची किल्ली दुकानदाराने स्वतःजवळच ठेवावी आणि ती हवी असल्यास वेगळे पैसे मागावेत, असा व्यवहार कोणताही शहाणा ग्राहक मान्य करणार नाही. मोबाइल फोनच्या बाबतीत मात्र कॅनडातील लक्षावधी ग्राहकांनी तो वर्षानुवर्षे मान्य केला होता. कंपनीच्या दुकानातून घेतलेला फोन त्याच कंपनीच्या सिमकार्डावर चालत असे. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घातले की फोन हट्टी मुलासारखा अडून बसे. हे कुलूप काढून घ्यायचे, तर बहुतेक ठिकाणी ५० कॅनेडियन डॉलर, म्हणजे २०१७ मधील दराने सुमारे २,४०० रुपये, मोजावे लागत. १ डिसेंबर २०१७ रोजी हा प्रकार कायद्याने बंद झाला. त्या दिवसापासून कॅनडातील प्रत्येक मोबाइल कंपनीला नवा फोन कुलपाविना विकणे बंधनकारक झाले. ज्यांच्या हाती आधीच कुलूपबंद फोन होते, त्यांनी मागणी केल्यास ते विनामूल्य खुले करून देण्याची जबाबदारीही कंपन्यांवर आली.

वरवर पाहता ही ५० डॉलरची किरकोळ बाब वाटते. पण वस्तूचे पैसे दिल्यानंतर तिच्यावर हुकूम कोणाचा चालणार, हा प्रश्न तिच्यामागे होता. त्यामुळेच हा वाद केवळ कॅनडापुरता राहिला नाही.

कुलूप नेमके कशाला?

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. आपला फोन दुसऱ्याने उघडू नये म्हणून आपण आकड्यांचे किंवा बोटाच्या ठशाचे जे कुलूप लावतो, त्याचा या विषयाशी संबंध नाही. ते कुलूप मालकाचे असते. येथे चर्चा आहे ती सेवा देणाऱ्या कंपनीने हँडसेटच्या आत, ग्राहकाच्या हाती तो पडण्यापूर्वीच बसवलेल्या कुलपाची.

त्याची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची ओळख सांगणारा एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचे असतात. कॅनडासाठी ३०२, तर भारतासाठी ४०४ आणि ४०५ हे अंक ठरलेले आहेत. पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. फोन सुरू होताना तो हे अंक वाचतो आणि स्वतःच्या स्मृतीत नोंदवलेल्या अंकांशी ताडून पाहतो. जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर फोन संकेतांक मागतो, किंवा हे सिमकार्ड चालणार नाही असे सांगून मोकळा होतो. आपत्कालीन क्रमांकाखेरीज त्यावरून मग कोठेही बोलता येत नाही. फोनमध्ये बिघाड काहीच नसतो. रेडिओ, पडदा, बॅटरी सारे ठणठणीत असते. केवळ एका तुलनेचे उत्तर नकारार्थी आले म्हणून तो मुका होतो.

कुलूप काढण्याची कृतीही तितकीच साधी. पूर्वीच्या बटणांच्या फोनमध्ये प्रत्येक हँडसेटच्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकाशी निगडित असा एक संकेतांक असे. तो निर्मात्याने तयार केलेला असे आणि कंपनीजवळ त्याची यादी असे. ग्राहकाने फोन करायचा, क्रमांक सांगायचा, कर्मचाऱ्याने यादीत पाहून संकेतांक वाचून दाखवायचा, की काम झाले. चुकीचा संकेतांक ठरावीक वेळा दाबल्यास अनेक फोन कायमचे अडकत, एवढी एक धास्ती असे. आयफोनमध्ये संकेतांकाचीही गरज उरली नाही. कंपनी ॲपलकडील नोंद बदलून घेते आणि फोन पुढच्या वेळी त्या नोंदीशी जुळवून घेतो. ग्राहक-सेवा केंद्रातील कर्मचाऱ्याची चार-पाच मिनिटे आणि नोंदवहीतील एक बदल, एवढाच या ‘सेवे’चा ऐवज. तिचे ५० डॉलर होतात कसे, हा प्रश्न साहजिक होता.

सवलतीच्या फोनची किंमत

कुलपाचे समर्थन अगदीच निराधार होते असे मात्र नाही. मोबाइल युगाच्या आरंभी हँडसेट फार महाग होते. ते ग्राहकाच्या हाती पडल्याशिवाय सेवा खपणार नव्हती. म्हणून कंपन्यांनी निर्मात्यांकडून फोन पूर्ण किमतीला घेऊन ग्राहकाला नाममात्र दरात, प्रसंगी फुकटही द्यायला सुरुवात केली. फरकाची रक्कम पुढे महिन्यामहिन्याच्या बिलातून वसूल होई. असा फोन घेऊन ग्राहकाने दुसऱ्याच महिन्यात प्रतिस्पर्ध्याचे सिमकार्ड घातले किंवा तो परदेशात नेऊन विकला, तर कंपनीचे नुकसान. ते टाळण्यासाठी कुलूप, असा हा हिशेब होता.

परंतु या हिशेबात एक गोष्ट नेहमीच झाकली गेली. ग्राहक कंपनीशी करार करीत असे आणि तो मुदतीपूर्वी मोडल्यास राहिलेली सवलत भरून द्यावी लागत असे. म्हणजे कंपनीचे पैसे कराराने सुरक्षित होते. ज्याने करार पाळला, बिले भरली, अशा ग्राहकाच्या फोनला मग दुसरी साखळी कशासाठी? शिवाय पूर्ण रोख किंमत देऊन घेतलेल्या फोनलाही तेच कुलूप असे आणि कराराची मुदत संपल्यावरही ते आपोआप निघत नसे. सवलतीच्या वसुलीसाठी लावलेले कुलूप वसुली संपल्यावरही टिकते, तेव्हा त्याचा उद्देश वेगळा असतो, हे समजायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

तो उद्देश म्हणजे ग्राहकाला जागचे हलू न देणे. कॅनडातील मोबाइल बाजारपेठेचे स्वरूप लक्षात घेतले की याचे महत्त्व कळते. रॉजर्स, बेल आणि टेलस या तीन कंपन्या मिळून देशातील सुमारे नव्वद टक्के ग्राहक सांभाळत होत्या. २००८ मध्ये सरकारने ध्वनिलहरींच्या लिलावात नव्या कंपन्यांसाठी काही भाग राखून ठेवला आणि त्यातून विंड मोबाइलसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. स्वस्त दर हेच त्यांचे भांडवल. पण स्वस्त दराकडे वळू पाहणाऱ्या ग्राहकाच्या खिशातील फोनच जेथे कुलूपबंद, तेथे त्याला एक तर नवा फोन घ्यावा लागे, किंवा जुन्या कंपनीला ५० डॉलर देऊन सुटका करून घ्यावी लागे. कंपनी सोडणाऱ्याकडून कंपनीनेच निरोपाचा कर घ्यावा, असा हा न्याय होता.

परदेशप्रवास करणाऱ्यांना हे कुलूप अधिकच जाचे. टोरोंटो किंवा मिसिसागा येथे राहणारे मराठी कुटुंब उन्हाळ्यात पुण्याला आले, की विमानतळाबाहेर पडताच स्थानिक सिमकार्ड घेण्याचा सोपा मार्ग त्यांना बंद असे. मग कॅनडाच्या क्रमांकावरच रोमिंगचे भरमसाट दर द्यायचे, किंवा भावाचा जुना फोन महिनाभर मागून घ्यायचा. भारतातून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही सुटीत हाच अनुभव येई.

२०१३ ची अर्धी किल्ली

नियमनाची सुरुवात प्रांतांनी केली. क्वेबेक, मॅनिटोबा अशा प्रांतांनी मोबाइल करारांविषयी स्वतःचे कायदे केले. प्रांताप्रांतांत वेगळे नियम होऊ लागले तेव्हा खुद्द कंपन्यांनाही देशभर एकच संहिता सोयीची वाटू लागली. कॅनडाचा दूरसंचार नियामक म्हणजे रेडिओ, दूरचित्रवाणी आणि दूरसंचार आयोग. ‘सीआरटीसी’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. या आयोगाने ३ जून २०१३ रोजी ‘वायरलेस संहिता’ जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या २ डिसेंबरपासून ती नव्या करारांना लागू झाली.

ही संहिता ग्राहकांच्या दृष्टीने मोठीच होती. तोवर कॅनडात तीन वर्षांचे करार सर्रास होते. आता दोन वर्षांनंतर कोणताही दंड न भरता करार संपवण्याची मुभा मिळाली. इंटरनेटच्या जादा वापराचे शुल्क महिन्याला ५० डॉलर आणि परदेशातील वापराचे १०० डॉलर झाले की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना पुढे आकारणी करायची नाही, असे ठरले. महिनाअखेर हजारो डॉलरचे बिल पाहून हबकणाऱ्या कुटुंबांच्या कहाण्या तेव्हा वृत्तपत्रांतून नित्य येत. त्यांना या तरतुदीने आळा बसला.

कुलपाबाबत मात्र आयोगाने हात आखडता घेतला. पूर्ण किंमत देऊन घेतलेला फोन मागणी करताच आणि सवलतीचा फोन करारानंतर ९० दिवसांत खुला करून द्यावा, एवढे त्याने सांगितले. त्याचे शुल्क किती असावे? ‘कंपनीने ठरवलेल्या दराने’. या तीन शब्दांनी पुढच्या चार वर्षांचा घोळ घातला. किल्ली देणे सक्तीचे झाले, पण किल्लीची किंमत ठरवण्याचा अधिकार कुलूप लावणाऱ्याकडेच राहिला.

पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. २०१६ या एका वर्षात कॅनडातील मोबाइल कंपन्यांनी कुलूप काढण्याच्या शुल्कापोटी ३ कोटी ७७ लाख डॉलर गोळा केले. २०१४ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ७५ टक्क्यांची होती. ५० डॉलरच्या दराने हिशेब केला तर वर्षाला साडेसात लाखांच्या घरात फोन होतात. अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेल्या या उद्योगाला ही रक्कम मोठी नव्हती, हे खरे. पण ग्राहकाच्या हक्काची तरतूद कंपनीच्या उत्पन्नाची बाब कशी होते, याचे हे बोलके उदाहरण ठरले.

गॅटिनोची सुनावणी

संहितेचा आढावा घेण्यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये आयोगाने जाहीर सुनावणी घेतली. राजधानी ओटावाच्या समोर, नदीपलीकडे असलेल्या गॅटिनो शहरात आयोगाचे मुख्यालय आहे. तेथे कंपन्या, ग्राहक संघटना आणि सामान्य नागरिक यांनी आपापली बाजू मांडली. कुलपाचा विषय अपेक्षेपेक्षा जास्त तापला.

कंपन्यांचा मुख्य मुद्दा असा होता, की कुलूप काढण्याची सेवा थोडेच ग्राहक मागतात. तिचा खर्च त्यांनीच सोसावा. ती फुकट केली तर तो खर्च सर्व ग्राहकांच्या बिलात वाटला जाईल, म्हणजे जो कधीही कंपनी बदलणार नाही त्यालाही त्याची झळ बसेल. युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो. पण त्याला एक साधे उत्तर होते. कुलूप लावलेच नाही तर ते काढण्याचा खर्च येईल कोठून? निर्मात्याला फोन कुलूपबंद करून पाठवायला सांगायचे, मग ते उघडण्याची यंत्रणा उभारायची आणि त्या यंत्रणेचा खर्च ग्राहकाला दाखवायचा, हे चक्र कंपन्यांनीच निर्माण केलेले होते.

दुसरा मुद्दा चोरीचा. खुला फोन चोराला कोठेही विकता येतो, कुलूपबंद फोनला गिऱ्हाईक कमी, असे म्हटले गेले. हा मुद्दा सर्वस्वी खोटा नाही. तथापि चोरीवर कॅनडात आधीच एक अधिक नेमका उपाय योजलेला होता. सप्टेंबर २०१३ अखेरपासून चोरीस गेलेल्या फोनचे आयएमईआय क्रमांक देशव्यापी काळ्या यादीत जाऊ लागले होते आणि असा फोन कोणत्याच कंपनीच्या जाळ्यावर चालू दिला जात नव्हता. चोराला अडवण्यासाठी साऱ्या प्रामाणिक ग्राहकांचे फोन बांधून ठेवण्यापेक्षा चोरीचा फोन निकामी करणे हा मार्ग सरळ होता. अर्थात ती यादी देशाच्या सीमेपलीकडे तेवढी प्रभावी नव्हती, ही तिची मर्यादाही नाकारता येत नाही.

१५ जून २०१७ रोजी आयोगाने निर्णय दिला. अध्यक्ष झाँ-पिएर ब्ले यांच्या कारकिर्दीतील हा अखेरच्या निर्णयांपैकी एक. त्यांची मुदत त्यानंतर काही दिवसांतच संपली. निर्णयाची भाषा या वेळी पळवाट ठेवणारी नव्हती. १ डिसेंबर २०१७ पासून कंपनीने ग्राहकाला दिलेला प्रत्येक फोन खुलाच असला पाहिजे. तो कुलूपबंद असेल किंवा पुढे झाला, तर मागणी करताच विनामूल्य खुला केला पाहिजे. फोन सवलतीचा आहे की रोखीचा, करार जुना आहे की नवा, असा भेद ठेवलेला नव्हता. व्यक्तिगत ग्राहकांबरोबर छोट्या व्यावसायिकांनाही तो लागू झाला. एका कुटुंबाच्या सामायिक योजनेत जादा इंटरनेटला संमती देण्याचा अधिकार मुलांना नव्हे, तर खातेदाराला राहील, हेही त्याच निर्णयात स्पष्ट झाले. अनेक पालकांना कुलपापेक्षा हीच तरतूद अधिक मोलाची वाटली असेल.

नियमानंतर

नियम लागू झाला त्या डिसेंबरात शुल्क निघाले आणि जुने फोन खुले करून घेण्याची सोय झाली. मात्र कुलूप पूर्णपणे इतिहासजमा झाले नाही. २०१८ च्या आरंभी बेल कंपनीने दुकानांतून होणाऱ्या चोऱ्यांचे कारण देऊन नवे फोन पुन्हा कुलूपबंद अवस्थेत ठेवण्यास सुरुवात केली. ग्राहकाच्या नावावर फोन चालू करताना ते कुलूप निघेल, अशी व्यवस्था होती. नियमाच्या अक्षरांत हे बसते का, यावर पुन्हा वाद झाला. ग्राहकाच्या हाती फोन खुलाच पडत असल्याने प्रत्यक्षात त्याचे फारसे अडत नव्हते. पण नियामकाने दार बंद केले की उद्योग खिडकी शोधतो, याची ती चुणूक होती.

दुसरी खिडकी अधिक रुंद निघाली. २०१९ च्या उन्हाळ्यापासून मोठ्या कंपन्यांनी सवलतीच्या फोनऐवजी हप्त्यांवर फोन देण्याची पद्धत रुजवली. फोनची किंमत बिलात वेगळी दाखवायची आणि ती बिनव्याजी हप्त्यांत फेडायची. काही योजनांत हे हप्ते ३६ महिन्यांपर्यंत ताणले गेले, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये आयोगाने अशा योजना थांबवण्यास सांगितले. हप्त्यांच्या योजनांनाही वायरलेस संहिता लागू होते, असा निर्वाळा त्याने मार्च २०२१ मध्ये दिला. फोन खुला असला तरी त्याचे निम्मे हप्ते उरलेले असताना कंपनी सोडायची म्हणजे उरलेली सारी रक्कम एकदम भरायची. लोखंडी कुलपाची जागा कर्जाने घेतली, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही. फरक इतकाच, की हे बंधन ग्राहकाला बिलावर आकड्यांत दिसते आणि ते फिटले की खरोखरच संपते.

किल्लीने न उघडणारी दारे

कुलूप निघाले म्हणजे फोन कोणत्याही जाळ्यावर चालेलच, असा समज ग्राहकांत असतो. तो खरा नाही. प्रत्येक कंपनी ठरावीक लहरपट्ट्यांवर सेवा देते आणि त्या पट्ट्या पकडणारा रेडिओ फोनमध्ये असावा लागतो. याचा कटू अनुभव कॅनडातच आला. विंड मोबाइलचे जाळे अशा पट्ट्यांवर होते, की बड्या कंपन्यांकडून घेतलेले बरेच फोन खुले केल्यावरही तेथे बहिरेच राहत. ही कंपनी २०१६ मध्ये फ्रीडम मोबाइल झाली. तिने त्या वर्षाच्या अखेरीस सुरू केलेल्या फोर-जी सेवेची पट्टीही तोवरच्या बहुसंख्य फोनना अपरिचित होती. ज्या स्वस्त कंपनीकडे जाण्यासाठी किल्ली हवी होती, तिचे दार वेगळ्याच आकाराचे निघावे, हा दैवदुर्विलासच. पुढे नव्या फोनमध्ये अधिकाधिक पट्ट्या येत गेल्या आणि ही अडचण ओसरली.

त्याहून जुनी अडचण सीडीएमए तंत्राची. बेल आणि टेलस यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये नवे जाळे उभारेपर्यंत त्यांचे फोन सिमकार्डाविनाच चालत. त्या फोनची नोंद थेट कंपनीच्या यंत्रणेत असल्याने सिमकार्ड बदलण्याचा प्रश्नच येत नसे. अशा फोनना किल्ली द्यायची तरी कोठे?

याखेरीज कुलूप काढल्याने करार संपत नाही, थकलेले बिल माफ होत नाही आणि काळ्या यादीत गेलेला फोन त्यातून बाहेर येत नाही. फोनच्या कार्यप्रणालीत हस्तक्षेप करून निर्मात्याची बंधने झुगारणे, हाही वेगळा प्रकार आहे. त्याने हमी जाऊ शकते. कंपनीकडून रीतसर कुलूप काढून घेतल्याने ती जात नाही.

अमेरिकेचा वळसा, ब्रिटनचा विलंब

कॅनडाच्या शेजारी अमेरिकेत हाच प्रश्न ग्राहकहक्काच्या दारातून न येता स्वामित्वहक्काच्या दारातून आला, ही मोठी विचित्र गोष्ट. १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्यात संगणकीय कुलपे तोडण्यास मनाई होती. गाणी आणि चित्रपट यांची चोरी थांबवणे हा तिचा हेतू. पण फोनमधील कुलूपही संगणकीयच, म्हणून तेही त्या जाळ्यात सापडले. त्यातून सूट देण्याचा अधिकार काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे, म्हणजे ग्रंथपालाकडे होता. २००६ आणि २०१० मध्ये ग्रंथपालाने फोनला सूट दिली. २०१२ च्या फेरविचारात मात्र नव्या फोनसाठी ती नाकारली गेली. परिणामी २६ जानेवारी २०१३ नंतर विकत घेतलेल्या स्वतःच्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीविना काढणे बेकायदा ठरले.

त्याविरुद्ध व्हाइट हाऊसकडे करण्यात आलेल्या अर्जावर १ लाख १४ हजारांहून अधिक सह्या झाल्या. ओबामा प्रशासनाने मार्च २०१३ मध्ये अर्जदारांची बाजू उचलून धरली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी कुलूप काढण्यास पुन्हा मोकळीक देणाऱ्या कायद्यावर अध्यक्षांनी स्वाक्षरी केली. मात्र या कायद्याने ग्राहकाला कुलूप काढण्याची मुभा दिली, कंपनीला ते काढून देण्याची सक्ती केली नाही. ती बाजू कंपन्यांच्या संघटनेने डिसेंबर २०१३ मध्ये स्वीकारलेल्या ऐच्छिक आचारसंहितेवर सोपवली गेली. तीत पात्र ग्राहकाचा फोन खुला करून देण्याचे वचन आहे, पण पात्रता कोणाला हे ठरवते कंपनी. सर्व कंपन्यांना ६० दिवसांनंतर फोन खुला करणे सक्तीचे करावे, असा प्रस्ताव अमेरिकी दूरसंचार आयोगाने जुलै २०२४ मध्ये मांडला, यावरूनच ऐच्छिक वचनांची मजल कळून येते.

ब्रिटनमध्ये ‘ऑफकॉम’ या नियामकाने आधी ग्राहकांची पाहणी केली. कंपनी बदलण्याचा विचार सोडून देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना कुलपाचा अडसर वाटला होता. शुल्क साधारण १० पौंड, म्हणजे कॅनडापेक्षा कितीतरी कमी. पण जवळपास निम्म्या ग्राहकांना संकेतांक वेळेवर न मिळणे, मिळालेला न चालणे, अशा अडचणी आल्या होत्या. म्हणजे लोकांना अडवायला मोठे शुल्कच लागते असे नाही, थोडी खटपट पुरते. ओटू, थ्रीसारख्या काही कंपन्या तेथे आधीपासून खुलेच फोन विकत होत्या आणि त्यांचा धंदा बुडाला नव्हता. कुलपाशिवाय व्यवसाय चालत नाही, या दाव्याचे उत्तर बाजारातच उभे होते. डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये कुलूपबंद फोनची विक्री बंद झाली. जपाननेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपाला तत्त्वतः मनाई केली. चिलीने तर हे पाऊल २०१२ च्या आरंभीच उचलले होते.

भारतातील चित्र

भारतात हा प्रश्न फारसा पेटला नाही, याचे कारण बाजारपेठेच्या घडणीत आहे. येथील बहुसंख्य ग्राहक प्रीपेड. हँडसेट दुकानातून पूर्ण किमतीला घ्यायचा, सिमकार्ड कोपऱ्यावरच्या टपरीवरून. करारच नाही, तर कुलूप कशाचे? जानेवारी २०११ मध्ये क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली तेव्हा कुलूपबंद फोनचा अडसर येथे जवळजवळ नव्हताच.

अपवाद मात्र लक्षणीय आहेत. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत अवघ्या ५०१ रुपयांत फोन हाती दिला आणि तो त्याच कंपनीच्या सीडीएमए जाळ्याला जखडलेला होता. २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात आलेला आयफोन थ्री-जी एअरटेल किंवा व्होडाफोन यांच्याकडूनच घ्यावा लागे. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१ हजार रुपये आणि तरीही तो कुलूपबंद. अमेरिकेतील ग्राहकाला तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता. तेथे कुलपाच्या बदल्यात सवलत तरी होती, येथे ग्राहकाने दोन्हीकडून मार खाल्ला. २०१७ मधील जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर मिळे, तोही केवळ जिओच्या सिमकार्डावर चाले.

मुंबईकरांना मात्र कुलपाची ओळख वेगळ्याच वाटेने झाली. अमेरिकेतून आलेल्या भावाने किंवा मुलाने आणलेला नवाकोरा फोन येथे ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागला, की लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केट गाठायचे. तेथे संगणकाला तार जोडून, कधी सिमकार्डाखाली कागदासारखी पातळ चकती सरकवून तो चालू करून दिला जाई. फोनची कार्यप्रणाली अद्ययावत केली की अनेकदा ही किमया उतरत असे आणि पुन्हा त्याच गल्लीत फेरी होई.

परदेशातून येणारा किंवा जुना फोन घेताना आजही ही तपासणी आधीच करणे शहाणपणाचे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरियर लॉक’ अशी नोंद असते. तेथे सिमकार्डावर निर्बंध नसल्याचे लिहिलेले असेल तर फोन खुला आहे. इतर फोनच्या बाबतीत खात्रीचा मार्ग एकच, दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घालून एक कॉल करून पाहणे. फोन कॅनडातील कंपनीकडून घेतलेला आणि कुलूपबंद निघाला, तर तो ज्याच्या नावावर घेतला आहे त्या ग्राहकाने कंपनीकडे मागणी करावी. तिचे शुल्क द्यावे लागत नाही. कंपनीने टाळाटाळ केल्यास दूरसंचार आणि दूरचित्रवाणी सेवांविषयीच्या तक्रारींसाठी तेथे २००७ पासून स्वतंत्र तक्रार निवारण आयोग आहे आणि त्याच्याकडे दाद मागण्यासही पैसे पडत नाहीत. फोन अमेरिकेतील असेल, तर त्याचे हप्ते पूर्ण फिटले आहेत ना, हे विमानात बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे.